आतड्याच्या ऑपरेशननंतर 'गॅस' का 'लीक': डॉक्टरचा अनुभव नेमका कुठे उपयोगी पडतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. काकांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन नाशिकलाच झालं. तिसऱ्या दिवसापासून पोट फुगलं, धाप लागायला लागली, रात्रीचे डॉक्टर 'गॅस आहे' म्हणत राहिले आणि सहाव्या रात्री कळलं की आतड्याचा जोड (खराब भाग कापून दोन टोकं जिथे शिवतात ती जागा) लीक झालाय. मग परत पोट उघडलं, संडास बाहेर यायला पोटावर पिशवी लावली, पुढे बरेच दिवस आयसीयू. आता आईला तसंच ऑपरेशन सांगितलंय. एकीकडे २५ वर्षं अनुभव असलेले सर्जन आणि त्यांचं स्वतःचं छोटं हॉस्पिटल, दुसरीकडे मोठं हॉस्पिटल पण सर्जन चाळिशीच्या आतला. घर सुरगाण्याला. 'अनुभवी डॉक्टर असते तर काकांचं आधी कळलं असतं का, आणि आईसाठी अनुभव बघू का हॉस्पिटल?'

मी सर्जन नाही हे आधीच सांगते. मी भूलतज्ज्ञ आहे आणि बरीच वर्षं आयसीयू पण बघते. आमच्यासारखे फिरते भूलतज्ज्ञ नाशिकमध्ये भरपूर आहेत, सकाळी नाशिकरोड, दुपारी कॉलेज रोड, रात्री मुंबई नाक्याला कुठलीतरी इमर्जन्सी. त्यामुळे एकच ऑपरेशन वेगवेगळ्या सर्जनच्या हातून होताना बघायला मिळतं आणि बिघडल्यावर कोण कसं वागतं तेही बघायला मिळतं. सर्जनला स्वतःचे पेशंट दिसतात, मला सगळ्यांचे दिसतात, तर त्या जागेवरून सांगते.

काकांचं आधी. मी चार्ट बघितलेला नाही त्यामुळे कोणाला दोष देणार नाही. पण जोड लीक झाला म्हणजे सर्जनने चूक केली असं नसतं. चांगल्यातल्या चांगल्या हातात सुद्धा मोठ्या आतड्याचे जोड शंभरात तीन ते पाच लीक होतात, आणि जोड जितका खाली, गुदद्वाराच्या जवळ, तितकं प्रमाण वाढत दहा-पंधरापर्यंत जातं. बिडी-सिगरेट, स्टेरॉइडच्या गोळ्या, आधी दिलेलं रेडिएशन, अंगात प्रोटीन कमी, घाईत केलेलं ऑपरेशन, यातलं काही असेल तर अजून जास्त. त्यामुळे लीक का झाला यापेक्षा तो कळायला किती वेळ लागला हे विचारणं जास्त कामाचं. तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं असेल तर केसपेपरची कॉपी मागा, २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत ती द्यावी लागते. आणि त्यात तिसऱ्या ते सहाव्या दिवसाचे पल्स आणि श्वासाचे आकडे ओळीने वाचा. डिस्चार्ज कार्डवर जे लिहिलंय त्यापेक्षा तिथे जास्त कळेल.

आता तुमचा मुख्य प्रश्न. 'अनुभव' म्हणताना आपण वर्षं मोजतो, तिथेच गडबड होते. साधा हिशोब करा. समजा एखादे सर्जन २५ वर्षं काम करतायत पण त्यांचं रोजचं काम हर्निया, पित्ताशय, अपेंडिक्स, मूळव्याध. मोठ्या आतड्याचा जोड महिन्यातून एखादा. म्हणजे वर्षाला १२, आणि शंभरात चार लीक धरले तर दोन वर्षांतून एक लीक त्यांच्या नजरेला पडणार. दोन वर्षांतून एकदा दिसणारी गोष्ट, ती पण प्रत्येक वेळी वेगळ्या रूपात, त्यातून नजर कशी तयार होणार? याउलट पस्तिशीचा मुलगा मुंबईत किंवा पुण्यात एखाद्या युनिटमध्ये दोन-तीन वर्षं फक्त आतड्याचीच कामं करून आला असेल, तर त्याने स्वतःचे आणि सीनियरचे मिळून लीक कितीतरी जास्त बघितलेले असतात, रात्री बेडपाशी उभं राहून बघितलेले असतात. हे उलटंही असू शकतं, पंचावन्नचे सर्जन आठवड्याला दोन जोड करत असतील आणि तरुण सर्जन नुसता कोर्स करून आला असेल. म्हणून 'किती वर्षं' ऐवजी 'आतड्याचे जोड वर्षाला किती' असं विचारावं. चांगला सर्जन चिडत नाही, सांगतो.

अजून एक गोष्ट आपल्याकडे होते जिच्याबद्दल कोणी बोलत नाही. पेशंट बिघडला की नातेवाईक रातोरात ॲम्ब्युलन्स करून कसारा घाट उतरून मुंबईला नेतात. नेणं चुकीचं म्हणत नाही मी, पण पुढे काय सापडलं, लीक होता का, कधीपासून होता, हे इकडच्या सर्जनपर्यंत परत पोचतच नाही. मग त्यांच्या डोक्यात तो पेशंट 'गॅस होता, नातेवाईकांनी घाई केली' असाच राहतो. अशा अनुभवातून माणूस काय शिकणार, उलट चुकीचंच पक्कं होतं.

बरं, मग खरा अनुभव असतो तेव्हा तो दिसतो कसा? पुस्तक वाचून आलेल्या नवीन डॉक्टरला लीकची लक्षणं विचारा, तो सांगेल ताप, पोट लाकडासारखं कडक, पोटातलं पाणी बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या नळीत संडासचा रंग, बीपी कमी. सगळं बरोबर आहे, फक्त हे सगळं होईपर्यंत उशीर झालेला असतो. अनुभवी माणूस लक्षणं नंतर बघतो, आधी तो आजचा दिवस कसा असायला हवा होता ते बघतो. साध्या चाललेल्या पेशंटमध्ये पहिले दोन दिवस दुखतं, पल्स थोडी जास्त असते, थोडा ताप येतो. लहान आतडं एका दिवसात हलायला लागतं, जठर एक-दोन दिवसांत, मोठं आतडं तीन ते पाच दिवस घेतं. तिसऱ्या दिवशी माणूस दुसऱ्या दिवसापेक्षा बरा दिसला पाहिजे आणि चौथ्या दिवशी तिसऱ्यापेक्षा. हा उतार जिथे थांबला किंवा उलटा फिरला तिथे अनुभवी डॉक्टर थबकतो, मग भले सगळे आकडे 'नॉर्मल' रकान्यात का असेनात. निफाड-दिंडोरीकडचा जुना द्राक्षवाला बागेत शिरल्या शिरल्या पानाकडे बघून डाऊनी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) येणार म्हणतो, डाग दिसायच्या आधीच, तसं काहीसं.

एक सर्जन आहेत, आता बरेच वयस्कर, त्यांच्याबरोबर मी राऊंडला होते. चौथा दिवस, सत्तरीचे पेशंट, पल्स ९६, ताप नाही, पोट मऊ. आरएमओने (वॉर्डातल्या ड्युटी डॉक्टरने) सांगितलं 'स्टेबल आहे सर'. सरांनी पोटाला हात लावला, काही बोलले नाहीत, आणि पेशंटच्या बायकोला विचारलं, 'काल हे देशदूत वाचत होते ना, आज का नाही वाचला?' त्या म्हणाल्या सकाळपासून नुसते पडूनच आहेत, चहा पण नको म्हणाले. सरांनी लगेच रक्त पाठवायला सांगितलं आणि संध्याकाळी सीटी. जोडाच्या मागच्या बाजूला लीक होता. यात जादू काही नाही. कालचा पेशंट त्यांच्या लक्षात होता, म्हणून आजचा फरक दिसला. आता हेच उलटं करून बघा, आरएमओची ड्युटी बारा तासांची, तो आज रात्री पहिल्यांदा या पेशंटला बघतोय, त्याने कालचा देशदूत वाचणारा माणूस बघितलेलाच नाही. त्याच्यासमोर फक्त एक झोपलेला म्हातारा माणूस आहे ज्याची पल्स ९६ आहे. तो गॅसच म्हणणार हो.

म्हणून मी सारखं म्हणते की एका आकड्याला अर्थ नाही, आकड्यांच्या ओळीला आहे. ८४, ९२, १०४, ११२ अशी पल्स चढत गेली तर प्रत्येक शिफ्टमधल्या माणसाला आपल्या वाटचा एकेकच आकडा दिसतो आणि प्रत्येकाला त्याचं काहीतरी कारण सापडतं, दुखत असेल, नुकतं चालवलं, घाबरलाय. चारही आकडे एकत्र बघणारा कोणीतरी लागतो. आणि श्वास. श्वासाचा वेग हा सगळ्यात आधी बदलणाऱ्या गोष्टींपैकी एक, कारण पोटात घाण पसरली की शरीरात ॲसिड वाढतं, फुगलेलं पोट छाती आणि पोटामधल्या पडद्याला वर ढकलतं, दोन्हीमुळे माणूस भरभर श्वास घ्यायला लागतो. आणि आपल्या चार्टवर सगळ्यात खोटा कॉलमही तोच. कुठल्याही हॉस्पिटलचा चार्ट उघडा, सगळ्या पेशंटचा श्वास मिनिटाला १८ किंवा २०, सकाळ-संध्याकाळ सारखाच. कोणी पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजलेलाच नसतो. तुमच्या काकांना धाप लागत होती असं तुम्ही लिहिलंय, चार्टवर त्या दिवशी काय लिहिलंय ते मला बघायला आवडेल.

आमच्या भुलेच्या बाजूने पण गोष्टी झाकल्या जातात, तेही सांगते. पाठीतली एपिड्युरल नळी चालू असली की पोट फारसं दुखतच नाही. पॅरासिटामॉल दर सहा तासांनी चालू असतं त्यामुळे ताप दिसत नाही. पेशंट बीपीसाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी घेत असेल तर पल्स वाढायला हवी तेवढी वाढत नाही. स्टेरॉइडवर असलेला किंवा खूप वयस्कर माणूस, त्याचं पोट आत पू असताना पण मऊ लागू शकतं. चांगला अनुभवी डॉक्टर मनात हे वजा करतो. मेटोप्रोलॉलवाल्याची पल्स १०० म्हणजे तो त्याला ११५-१२० समजतो.

अजून एक हमखास फसवणूक म्हणजे हृदय. पाचव्या दिवशी पेशंटची पल्स एकदम १४० आणि अनियमित, ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाची लय बिघडलेली. सगळे हृदयाच्या मागे लागतात, कार्डिओलॉजिस्ट येतात, टू-डी इको होतो, लय सुधारायचं औषध ॲमिओडॅरोन चालू होतं, पल्स खाली येते, सगळे निवांत. आणि मूळ दुखणं पोटात तसंच. हे एवढं नेहमीचं आहे की २००४ मध्ये ब्रिटनमधल्या सर्जननी यावरच पेपर लिहिला होता, आतड्याच्या जोडाचा लीक बऱ्याचदा हृदयाचा त्रास असल्यासारखा समोर येतो म्हणून. माझा आयसीयूमधला नियम सरळ आहे, आतड्याचा जोड केलेल्या माणसाला नव्याने हृदयाचा, श्वासाचा किंवा भ्रमाचा त्रास सुरू झाला की त्यावर उपचार करायचेच, पण त्याच वेळी जोडाकडे बघायचं. न थांबणारी उचकी, लघवी कमी होणं, आधी सुरू झालेलं खाणं परत नकोसं होणं, खाली जोड असेल तर सारखी थोडी थोडी संडास लागणं, हे पण त्याच यादीत. आणि लीक सोडून सुद्धा काही गोष्टी आहेत, म्हणजे पाचव्या ते आठव्या दिवशी ड्रेसिंग अचानक गुलाबी पाण्याने भिजलं तर नवीन माणूस ड्रेसिंग बदलतो, जुना माणूस ओळखतो की आतले टाके उसवतायत आणि पोट फुटायच्या बेतात आहे.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल मग अनुभवीच बरे. थांबा, दुसरी बाजू पण आहे आणि ती मला जास्त वेळा बघायला मिळते.

'गॅस आहे' हे उत्तर बहुतेक वेळा बरोबरच असतं हीच तर अडचण आहे. ऑपरेशननंतर फुगलेली दहा पोटं घ्या, बहुतेक नुसती आतडी सुस्त झाल्यामुळे फुगलेली असतात आणि दोन दिवसांत आपोआप उतरतात. त्यामुळे ज्याने वीस वर्षं 'गॅस आहे, होईल बरं' म्हटलंय त्याला वीस वर्षं बहुतेकदा बरोबर ठरल्याचं बक्षीस मिळालंय. नवीन डॉक्टर घाबरून चार वेळा उगाच फोन करतो, जुना डॉक्टर घाबरायचाच थांबतो. त्यात जोड आपल्या हाताने केलेला. 'मी टाके स्वतः घातलेत, रक्तपुरवठा मस्त होता, हवा भरून टेस्ट पण केली, लीक होणं शक्यच नाही' हे वाक्य मी ऐकलंय, आणि ते म्हणणारे चांगले सर्जन होते. २००९ मध्ये नेदरलँड्समध्ये ऑपरेशन संपतानाच सर्जनना विचारून ठेवलं होतं की हा जोड लीक होईल असं वाटतं का, आणि नंतर पडताळून बघितलं, अंदाज फारसे जुळले नाहीत. म्हणजे टेबलावरची खात्री वॉर्डात धरून बसायची नसते.

आणि एक कडवट गोष्ट, आपल्याकडची. परत पोट उघडायचं म्हटलं की सर्जनला आधी नातेवाईक दिसतात. 'पहिलं नीट केलं नाही का', 'बिल कोण देणार', बाहेर जमलेले दहा-पंधरा लोक. त्या भीतीपोटी 'उद्या सकाळपर्यंत बघू' होतं. कोणी मुद्दाम करत नाही हे, पण मनाला एकदा 'लीक नसावा' असं हवं असलं की तसे पुरावे पण सापडायला लागतात. अनुभव जितका जास्त तितकी नावाची काळजी पण जास्त, त्यामुळे यातून सीनियर सुटत नाहीत, उलट जास्त अडकतात. म्हणूनच काही शहाणे सर्जन चौथ्या-पाचव्या दिवशी स्वतःहून दुसऱ्या सर्जनला बोलावतात, 'माझा पेशंट आहे म्हणून मला दिसत नसेल, तू बघ'. मला विचाराल तर पंचवीस वर्षांच्या बोर्डापेक्षा ही सवय मोठी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सर्जनच्या डोक्यात कितीही अनुभव असो, रात्री अडीचला तो घरी झोपलेला असतो. बेडपाशी असतात सिस्टर आणि आरएमओ. महाराष्ट्रातल्या खासगी हॉस्पिटलात आरएमओ बरेचदा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतात. मी त्यांना नावं ठेवणार नाही, त्यातले कितीतरी जण इतके तयार झालेत की मी त्यांच्या फोनवर डोळे झाकून गाडी काढते. प्रश्न डिग्रीचा कमी आणि फोनचा जास्त आहे. एक फोन असा असतो, 'सर, पल्स जरा जास्त आहे', तिकडून 'दुखत असेल, ट्रामाडॉल दे', संपलं. दुसरा असा, 'सर, आज चौथा दिवस, पल्स ११८ आहे, दुपारी ९६ होती, श्वास २८ मोजला, चार तासांत लघवी ८० मिली, मला लीकची शंका आहे, तुम्ही येऊन बघा'. पेशंट तोच. दुसरा फोन करायला दोन गोष्टी लागतात, काय मोजायचं हे कोणीतरी शिकवलेलं असणं आणि फोन केला तर शिव्या बसणार नाहीत ही खात्री असणं. ज्या हॉस्पिटलात रात्री फोन केल्यावर 'एवढ्यासाठी उठवलंस?' ऐकावं लागतं तिथे तिसऱ्या वेळी कोणी फोन करत नाही. मग सरांचा पंचवीस वर्षांचा अनुभव घरीच राहतो.

हे माझं एकटीचं मत नाही. अमेरिकेत २००९ मध्ये ८४ हजारांवर पेशंटची माहिती तपासून एक मोठा अभ्यास आला होता. सगळ्यात कमी मृत्यू आणि सगळ्यात जास्त मृत्यू होणाऱ्या हॉस्पिटलांची तुलना केली. लोकांना वाटत होतं जास्त मृत्यूवाल्या हॉस्पिटलात कॉम्प्लिकेशन पण जास्त होत असतील. तर तसं नव्हतं, कॉम्प्लिकेशन दोन्हीकडे जवळपास सारख्या, शंभरात साधारण २५. पण मोठी कॉम्प्लिकेशन झाल्यावर एकीकडे शंभरात १२-१३ पेशंट गेले आणि दुसरीकडे २१. म्हणजे बिघाड दोन्हीकडे होतो, फरक पडतो तो ओळखून सावरण्यात. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

अनुभवाची कमी थोडीफार भरून काढणाऱ्या तपासण्या पण आहेत, त्या सांगून ठेवते कारण त्या छोट्या हॉस्पिटलात पण होऊ शकतात. सीआरपी ही शरीरातली सूज-इन्फेक्शन दाखवणारी रक्ताची साधी, स्वस्त टेस्ट. ऑपरेशननंतर ती वाढतेच, दोन-तीन दिवसांनी वरती जाऊन मग उतरायला लागते. २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून आकडे काढले गेले, तिसऱ्या दिवशी १७२, चौथ्या दिवशी १२४, पाचव्या दिवशी १४४ मिलिग्रॅम प्रति लिटर, याच्या खाली असेल तर लीक नसण्याची शक्यता ९७ टक्क्यांच्या आसपास. वर असेल तर मात्र लीक आहेच असं नाही, छातीतलं इन्फेक्शन, जखमेचं इन्फेक्शन काहीही असू शकतं. म्हणजे ही टेस्ट कोणाला बिनघोर घरी सोडायचं हे सांगायला चांगली, लीक पक्का करायला नाही. आणि एक बारीक गोष्ट, काही लॅब मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये रिपोर्ट देतात, तिथे १५ म्हणजे १५० असतं, रात्री झोपेत वाचणारा माणूस 'पंधराच आहे' म्हणून सोडून देऊ शकतो.

सीटी स्कॅनबद्दल लोकांचा समज असा की तो केला की विषय संपला. नाही संपत. ओपन ऑपरेशननंतर पोटात थोडी हवा, थोडं पाणी काही दिवस असतंच, त्यामुळे पाचव्या दिवसाचा सीटी वाचणं कठीण असतं आणि लहान लीक सुटतात. रेडिऑलॉजिस्टला जोड नेमका कुठे आहे हे सांगितलं, डाय (स्कॅनमध्ये उठून दिसणारं औषध) तिथपर्यंत पोचेल असं बघितलं तर जास्त कळतं. ड्रेनचं पण तेच, नळीत स्वच्छ पाणी आहे म्हणजे सगळं ठीक असं नाही, नळी बंद पडलेली असू शकते नाहीतर लीक दुसऱ्या कोपऱ्यात साचलेला. सीटी चांगला आणि पेशंट वाईट, अशा वेळी कोणावर विश्वास ठेवायचा? पेशंटवर. हे म्हणायची हिंमत मात्र अनुभवानेच येते, त्याला मला दुसरा उपाय दिसलेला नाही.

तर आईसाठी. एवढ्या माहितीवर मी 'इकडे करा' सांगणार नाही, कारण बरंच काही जोड कुठे येणार त्यावर अवलंबून आहे. उजव्या बाजूचं आतडं असेल, आईची तब्येत बरी असेल, तर नियमित आतड्याची कामं करणारं छोटं हॉस्पिटल चालू शकतं. जोड अगदी खाली येणार असेल, रेडिएशन झालेलं असेल, शुगर किंवा हृदयाचा त्रास असेल, तर मी ज्या इमारतीत रात्रीचा आयसीयू, रात्रीचा सीटी आणि रात्री ऑपरेशन थिएटर उघडणारी माणसं आहेत तिथे जाईन, सर्जनचं वय काहीही असो. दोन्हीकडे जाऊन बोला आणि सरळ विचारा. असे जोड वर्षाला किती करता. रात्री वॉर्डात कोण असतं आणि तेच रोज असतात का बदलतात. तुम्ही गावाला किंवा कॉन्फरन्सला गेलात तर पेशंट कोणाच्या ताब्यात, आणि त्याला आधीपासून माहिती असते का. बिघडलं तर आयसीयू इथेच का दुसरीकडे न्यावं लागेल. रात्री भूलतज्ज्ञ किती वेळात येतो (हे कोणीच विचारत नाही, आणि आम्ही कधी कधी शहराच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या केसमध्ये अडकलेलो असतो). सरकारी योजनेतून किंवा पॅकेजमध्ये करणार असाल तर परत उघडायची वेळ आली तर खर्चाचं काय तेही आत्ताच विचारा, त्या रात्री नको. खालचा जोड असेल तर तात्पुरती पिशवी लावणार का हे पण विचारा. लोक पिशवीला घाबरतात, पण पिशवी असली की लीक झाला तरी तो सहसा जिवावर बेतत नाही.

आणि मी तुमच्या जागी असते तर ऑपरेशनच्या आधी सर्जनसमोर, घरातल्या दोन मोठ्या माणसांना घेऊन, एवढं बोलले असते: 'डॉक्टर, जोड लीक होऊ शकतो हे आम्हाला माहिती आहे. तशी शंका आली तर लगेच सांगा, परत उघडायचं म्हणालात तर आम्ही भांडणार नाही, फक्त उशीर करू नका.' तुम्हाला वाटेल याने काय होणार. पण 'उद्या सकाळपर्यंत बघू' मागची अर्धी भीती तिथल्या तिथे जाते, मी ते होताना बघितलंय.

वॉर्डात आईजवळ शक्यतो एकच माणूस सलग ठेवा. रोज नवीन पाहुणा बसवलात तर आरएमओचं जे होतं तेच तुमचं होईल. त्या माणसाने वहीत रोज दोन ओळी लिहायच्या, किती चालली, काय खाल्लं, गॅस पास झाला का, कालच्यापेक्षा बरी का वाईट. राऊंडला 'बरं आहे' न म्हणता ते वाचून दाखवायचं. झोपेत असताना छाती वर-खाली होताना पूर्ण एक मिनिट मोजा, पंचवीसच्या वर दोनदा आला तर सिस्टरला सांगा, आणि त्यांनी ऐकलं नाही तर 'आमच्यासमोर सरांना फोन लावा' असं शांतपणे पण ठामपणे म्हणा. तेवढा हक्क आहे तुमचा.

डिस्चार्ज मिळाला म्हणजे सुटलो असं समजू नका. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या सर्जननी २००७ मध्ये जोडाच्या लीकचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात लीक लक्षात यायला सरासरी १२-१३ दिवस लागले होते, म्हणजे बरेच पेशंट तोपर्यंत घरी गेलेले. हल्ली तर पाचव्या-सहाव्या दिवशीच सोडतात. सुरगाण्याला लगेच नेऊ नका, तो घाटरस्ता रात्री पार करून यायचं म्हणजे तासच्या तास जातात. पंचवटीत, सिडकोत, कुठे नातेवाईक असतील तिथे पहिले दहा-बारा दिवस ठेवा. घरी गेल्यावर परत ताप, वाढत जाणारं पोटदुखणं, उलटी, पोट फुगणं, किंवा चांगली चालणारी बाई अंथरूण धरून बसली, तर जवळच्या डॉक्टरकडून गॅसचं औषध घेऊन दोन दिवस काढायचे नाहीत. ज्याने ऑपरेशन केलं त्याच हॉस्पिटलला फोन करा, ऑपरेशनची तारीख, आत्ताची पल्स, ताप, शेवटचं कधी खाल्लं आणि संडास कधी झाली एवढं सांगा, आणि समोरचा 'उद्या ओपीडीत आणा' म्हणाला तरी त्याच रात्री निघा.